हजेरीला थांबणारी शाळा

आमच्या घरात बोलण्याचा तुटवडा कधीच नव्हता. मी पुण्यात कॉलेजमध्ये इतिहास शिकवायचे आणि तास संपल्याची घंटा झाली तरी माझं चाललेलंच असायचं. माझी आई माझ्या वरताण. माझी लेक बोलायला लागली ती थांबलीच नाही, झोपेतसुद्धा काहीतरी पुटपुटायची. त्यामुळे जपानात आल्यावर पाच वर्षांच्या या मुलीनं घराबाहेर तोंड उघडायचं साफ बंद केलं, तेव्हा मला ते नाटकच वाटलं. रुसली असेल, चार दिवसांत येईल वळणावर.

चार दिवस कसले! बालवाडीत वर्षभर तिनं एक शब्द उच्चारला नाही. शू लागली तरी सांगायची नाही, ओल्या चड्डीत तशीच बसून राहायची. घरी आली की मात्र दारातच बूट भिरकावून सुरू व्हायची. कोण रडलं, कोणी कोणाला ढकललं, डब्यात कोणाच्या काय होतं, सगळं इत्थंभूत, मराठीत. म्हणजे तिला कळत सगळं होतं. दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. मी समजावलं, रागावले, आमिषं दाखवली, एकदा तर रस्त्यात हात धरून गदागदा हलवलं. ती ढिम्म.

आम्ही राहायचो त्या त्सुकुबा शहरातल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ही हट्टी नाही. तिला बोलायचं असतं, पण आवाज बाहेर येत नाही. जी जागा तिला आपली वाटेल तिथे तो आपोआप येईल, तुम्ही ओढून काढू नका. मी मराठीत पुटपुटले, की दात आहे का तो, ओढून काढायला? नवऱ्यानं अर्थातच त्याचं भाषांतर केलं नाही. डॉक्टर असंही म्हणाल्या होत्या, की अशी मुलं एकदा बोलायला लागली की त्यांची जागा शक्यतो बदलू नका. ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. आधी बोलू तर दे, मग बघू जागेचं, असं मला वाटलं होतं.

टोकियोत निशी-कसाईला राहणारी माझी मैत्रीण दर रविवारी फोनवर तेच दळण दळायची. इकडे या, इथे लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं, इंडियन शाळा आहे, पोर दोन दिवसांत बोलायला लागेल. मी तर बॅगा भरायला तयार होते. पण नवरा त्सुकुबाच्या संस्थेत संशोधक, त्याचे प्रयोग तिथे, त्याची यंत्रं तिथे. शिवाय त्याचं म्हणणं, की पुण्याहून उपटून एकदा इथे लावली, आता परत उपटायची का? माणूस कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा पटतं, ही त्याची खोड आहे. तिची पहिली सुरू व्हायच्या सुमारास संस्थेच्या क्वार्टरमध्ये राहायची आमची मुदत संपली. त्यानं शहराबाहेरच्या एका गावात घर शोधलं. चहूकडे भातशेती, मधूनमधून कांद्याच्या पातीची शेतं, आणि अंगणात जपानी तेंदूचं झाड. तो झाडावर भाळला. मी म्हटलं, झाड काय तिला बोलायला शिकवणार आहे?

गावच्या रस्त्याच्या टोकाला प्राथमिक शाळा होती. दुमजली, सिमेंटची, कधीकाळी शेकडो पोरांसाठी बांधलेली. वरचा मजला कुलूपबंद होता. सगळी शाळा मिळून एका एसटीत मावली असती आणि खिडकीच्या जागा उरल्या असत्या. हेडमास्तरांच्या खोलीत भिंतभर आधीच्या हेडमास्तरांचे फोटो होते, मिशीवाल्यांपासून टायवाल्यांपर्यंत. पहिली आणि दुसरी एकाच वर्गात बसायची. पहिलीत माझी लेक धरून तिघंच. मी पहिल्या दिवशी ते बाकांचं छोटंसं टोळकं बघितलं आणि माझा जीव धसकला. म्हटलं, कुठे आणून टाकलं मी पोरीला!

जपानी शाळेत सकाळी हजेरी घेतात ती नुसती हजेरी नसते. सेन्सेई, म्हणजे बाई किंवा सर, एकेका मुलाचं नाव घेतात आणि मुलानं सांगायचं, 'हाय, गेन्की देस'. हो, मी बरी आहे. किंवा नाक गळतंय, किंवा पोटात दुखतंय, जे असेल ते. आमच्या लेकीच्या सेन्सेई निवृत्तीला आलेल्या होत्या. बुटक्या, केस बारीक कापलेले, बारा महिने एकच करडं स्वेटर. शाळा सुरू व्हायच्या आधी त्या आमच्या घरी आल्या. लेकीचं नाव आम्ही घरात कसं उच्चारतो ते माझ्याकडून पुन:पुन्हा म्हणवून घेतलं आणि जमेपर्यंत हलल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी ते नाव अगदी तस्सं घेतलं. लेक गप्प. सेन्सेई थांबल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. हे सगळं मला लेकच घरी येऊन सांगायची, वर कपाळाला आठ्या घालून, की आई, सेन्सेई थांबते अगं, मग खूप वेळ कोणीच काही नाही करत. मी चरकले. वर्गासमोर पोरीला रोज असं उभं करायचं म्हणजे काय? पालक-भेटीच्या दिवशी मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलंच, की तिच्यासाठी रोज थांबता, बाकीच्या मुलांचा खोळंबा होतो, तिलाही लाज वाटत असेल, तुम्ही सरळ पुढे का जात नाही? सेन्सेईंनी माझं ऐकून घेतलं, सगळं. मग म्हणाल्या, "मी थांबत नाही, ओकासान. ती वेळ तिचीच असते."

ओकासान म्हणजे आई. इथे शाळेत सगळ्या आयांना तसंच म्हणतात. मला तेव्हा त्या उत्तराचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. वाटलं, बाई गोड बोलून मला वाटेला लावतेय.

नंतर एकदा मी तिची पाण्याची बाटली द्यायला सकाळी वर्गापर्यंत गेले आणि दाराच्या काचेतून ते पाहिलं. सेन्सेईंनी नाव घेतलं. लेक बाकाशेजारी उभी. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, ही त्यातली गंमत. एक मुलगा पेन्सिलीला टोक काढत होता, एक मुलगी खिडकीतून सशाच्या पिंजऱ्याकडे बघत होती, सेन्सेई स्वत: टेबलावरच्या कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडत होत्या. कोणाला घाई नव्हती. थोड्या वेळानं सेन्सेईंनी मान हलवली, लेक खाली बसली आणि पुढचं नाव आलं. मी बाटली चपलांच्या कपाटावर ठेवून तशीच परतले. घरी येऊन मनसोक्त रडले.

नवरात्राच्या सुमारास, गावात रताळी काढायचे दिवस होते, एका संध्याकाळी सेन्सेईंची छोटी पांढरी गाडी दारात थांबली. त्या गाडीतून उतरल्या, दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाल्या, "आज उत्तर आलं." एवढंच बोलून वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मी आत धावले. लेक टेबलाखाली बसून चित्र काढत होती. तिला विचारलं तर म्हणाली, हो, सांगितलं मी बरी आहे म्हणून. मग काय झालं? काही नाही, सेन्सेईनं पुढचं नाव घेतलं. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी असते तर पेढे वाटले असते आणि सगळं मुसळ केरात घातलं असतं.

त्यानंतर पोर सुटली ती सुटलीच. दिवाळीपर्यंत ती शाळेतल्या सशांना नावं देत होती, नाताळापर्यंत जेवण वाढायच्या गटात पांढरी टोपी घालून 'अजून भात हवाय का' असं ओरडत होती. एकचाकी सायकल शिकली. शाळेच्या क्रीडादिनाला मुलं पुरत नव्हती म्हणून सगळं गाव पळायचं, मलाही रस्सीखेच करायला ओढलं, आणि माझी लेक मैदानाच्या कडेला उभी राहून जपानीत माझ्या नावानं केकाटत होती. शेजारच्या म्हाताऱ्या बायका तिच्याकडे बोट दाखवून हसत होत्या, की ही बघा, हीच ती न बोलणारी. माझ्या हाताची सालं निघाली होती आणि मी सुखानं वेडी झाले होते. घरी मात्र ती आता मला जपानीतच उत्तरं द्यायला लागली. मी मराठीत विचारायचं, तिनं जपानीत फेकायचं. म्हटलं, बोल बाई, कुठल्याही भाषेत बोल.

दुसरीच्या वर्षी, भाताची लावणी होऊन गेली होती तेव्हा, गावचे कुचो-सान आमच्याकडे आले. कुचो म्हणजे वाडीचे प्रमुख, आपल्याकडच्या सोसायटीच्या चेअरमनसारखे, पण भांडणं कमी. सत्तरी उलटलेले, पातीच्या कांद्याची शेती करणारे गृहस्थ. हातात कांद्याच्या पातीची जुडी आणि काकड्या. दारातल्या पायरीवर टेकले. मला कोण आनंद झाला, की अखेर आपल्याकडेही कोणी सहज डोकावलं! मी आल्याचा चहा टाकला, चिवडा काढला. त्यांनी पावसाचं सांगितलं, भाताचं सांगितलं. ते याच शाळेत शिकले होते, तेव्हा एकेका इयत्तेत तीन-तीन तुकड्या होत्या आणि थंडीत प्रत्येकानं घरून शेकोटीसाठी सरपण न्यायचं असायचं. आता मुलंच कमी झालीत, म्हणाले. आणि गप्प बसले.

मला शांतता म्हणजे भांडं उतू जातंय असं वाटतं. मी लगेच पुण्यातल्या माझ्या शाळेचं सुरू केलं, एका बाकावर चौघी कशा बसायचो, बाईंना आमची नावंही कशी माहीत नसायची. त्यांनी ऐकलं. मी आणखी एक कप ओतला. तो त्यांनी सावकाश संपवला. पुन्हा म्हणाले, मुलं फारच कमी झालीत, मोठ्या शाळेत मित्र पुष्कळ मिळतात असं लोक म्हणतात. आणि पुन्हा गप्प. मीही मान डोलावली आणि नुकतंच शिकलेलं 'शिकाता नाइ' ठेवून दिलं. म्हणजे आपलं 'इलाज नाही'. बसमध्ये, दुकानात, पावसात, इथे बायका येता-जाता ते म्हणतात. कुठे म्हणायचं ते मला बरोबर जमलं म्हणून मी मनातल्या मनात खूश. रिकाम्या हाती पाठवू नये म्हणून त्यांना डबाभर चकल्या दिल्या. ते दारापासून गेटपर्यंत तीनदा वाकले. नवरा आल्यावर मी त्याला म्हटलं, बघ, गावानं आपल्याला आपलं मानलं.

थंडी पडायला लागली तसं शाळेच्या व्यायामशाळेत सभा असल्याचं कळलं. ही शाळा बंद करून शहराच्या बाजूच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याबद्दल. डॉक्टरीणबाईंचं ते कानावरून गेलेलं वाक्य धाडकन परत आलं. इथून हलवली तर पोरीचा आवाज जाणार, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं, की मी दोन दिवस जेवले नाही. मग पदर खोचला. नवऱ्याला बसवून मुद्दे काढले. इतिहासाचा तास घ्यायचे तशी तयारी केली.

सभेला रॉकेलचे स्टोव्ह भणभणत होते आणि तरी हाडं गारठत होती. शिक्षण खात्याची सूटबूटवाली माणसं पडद्यावर चित्रं दाखवत होती: हसरी मुलं, नवी बस, भलंमोठं ग्रंथालय. गावातले लोक घडीच्या खुर्च्यांवर हात मांडीवर ठेवून बसलेले. कोणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर कोणीही हलेना. सगळे मूग गिळून. मी उठले. मी सांगितलं, की माझी मुलगी बोलत नव्हती, या शाळेत बोलली. का बोलली, तर इथे तिच्यासाठी वेळ होता. ग्रंथालय मोठं असेल हो, पण पस्तीस मुलांच्या वर्गात तिच्यासाठी कोण थांबणार आहे? तुम्ही मुलं मोजताय, ती काय बटाटे आहेत? अर्धं जपानी, अर्धं इंग्रजी, आणि जिथे अडले तिथे नवऱ्याला भाषांतर करायला लावलं. मी दहा वाक्यं बोलायची आणि त्यानं तीन सांगायची. बटाटे त्यानं गाळलेच.

पण लोक ऐकत होते. मागच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. साहेबानं कमरेत वाकून माझ्या मोलाच्या मताबद्दल आभार मानले, शेजारचा माणूस ते लिहून घेत होता. सेन्सेई भिंतीशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघून त्यांनीही मान लववली. मी तरंगत घरी आले. शिरा केला, चांगला केशर घालून. लेकीला मांडीवर घेऊन सांगितलं, की काळजी करू नकोस, आई भांडून आलीय, नाही होत तुझी शाळा बंद. नवरा ताटलीत बघत शिरा खात होता. मी म्हटलं, काय झालं? काही नाही, म्हणाला, कोणी विरोधात काही बोललं नाही, हेच मला जरा खटकतंय.

पुढच्याच आठवड्यात मुलांच्या हाती मोठ्या शाळेच्या गणवेशाच्या टोपीच्या मापांचा कागद आला.

मी तो कागद घेऊन तडक शेजारी गेले. शेजारची आई माझ्याच वयाची, तिचा मुलगा चौथीत. तिनं मला बसवलं आणि खाली बघत, एकेक शब्द सोपा करून सांगितलं. ती सभा विचारायला नव्हती, सांगायला होती. विचारून झालं होतं उन्हाळ्यातच. इथे असं सभेत उभं राहून कोणी नाही म्हणत नाही. ज्याला विचारायचं असतं तो आधी प्रत्येक दारात जातो, बसतो, चहा घेतो. कुचो-सान ज्या ज्या घरात मुलं होती त्या सगळ्या घरी जाऊन आले होते. मग जरा थांबून तिनं विचारलं, की तुमच्याकडे नव्हते का आले?

आले होते. काकड्या घेऊन आले होते. मी चकल्या दिल्या होत्या.

मला इतका संताप आला, की मी गाडी काढली आणि थेट त्यांच्या शेतावर गेले. कांद्याच्या पातीच्या रांगांमध्ये ते वाकून माती चढवत होते. मी म्हटलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, आणि निम्मं मराठीत होतं. विचारायला आला होतात तर विचारलं का नाहीत? सरळ तोंड उघडून का नाही म्हणालात, की शाळा बंद करायची का? त्यांनी फावडं बाजूला ठेवलं, टोपी काढली. मी दम घ्यायला थांबेपर्यंत उभे राहिले.

मग म्हणाले, की ते स्वत: नको म्हणू शकत नव्हते, वाडीचे प्रमुख ना! बाकीच्या घरांत कोणीच नको म्हणालं नाही, मनात असून. एका जरी घरानं नको म्हटलं असतं तर त्यांना खात्याला तसं कळवता आलं असतं, आणि एक घर तयार नसेल तर इथे गोष्ट पुढे ढकलतात. वर्ष, दोन वर्षं. मुद्दाम आमचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"तुम्हांला बोलता येतं," ते म्हणाले. "तुम्ही नको म्हणाल असं मला वाटलं होतं. मी थांबलो होतो, दोन कप."

वारा सुटला होता आणि माझे सँडल चिखलात रुतले होते. त्यांनी वाकून कांद्याच्या पातीची एक जुडी उपटली, माती झटकली आणि माझ्या हातात दिली. मी ती घेतली. घरी येऊन ओट्यावर ठेवली आणि ती सुकून पिवळी पडेपर्यंत तिला हात लावला नाही.

लेकीला सांगायचं काम माझंच होतं. ती सगळं ऐकून म्हणाली, पण तू तर म्हणाली होतीस! एवढंच, आणि तेही मराठीत, कितीतरी दिवसांनी. नंतर आंघोळीच्या वेळी तिनं विचारलं, "तिकडची सेन्सेई थांबेल का?" मी म्हटलं, थांबेल ना, का नाही थांबणार. ती टबातल्या पाण्यावर हात आपटत राहिली.

मार्चमध्ये शाळेचा समारोप झाला. व्यायामशाळा इतकी भरली, की लोक बाहेर ओसरीत उभे होते. या शाळेत शिकून टोकियोला, ओसाकाला गेलेली माणसं आली होती, म्हातारी माणसं नातवंडांचा हात धरून आली होती. मला मनात येत होतं, की इतके दिवस कुठे होतात सगळे? शाळेचा झेंडा काठीवरून उतरवला, घडी घातली, लाकडी पेटीत ठेवला आणि हेडमास्तरांनी तो दोन्ही हातांनी शिक्षण खात्याच्या साहेबाला परत दिला. माहेरच्या माणसांनी चौकशी न करता लग्न लावून दिलेल्या मुलीसारखी ती पेटी गेली. कुचो-सान पहिल्या रांगेत बसले होते, ताठ, काळ्या सुटात. त्यांनी एकदाही डोळे पुसले नाहीत.

शेवटी सगळ्या शाळेची हजेरी झाली. कल्पना सेन्सेईंची. मुलं मंचावर ओळीत उभी, आणि एकेक नाव. मग माझ्या लेकीची पाळी आली. एवढी गर्दी, एवढे अनोळखी डोळे. सेन्सेईंनी नाव घेतलं, अगदी आमच्या घरातल्यासारखं, आणि मग हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. सगळं गाव थांबलं. मग माझ्या लेकीनं मान वर केली आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं खणखणीत सांगितलं, "हाय, गेन्की देस!" माझा नवरा, सभेत माझी वाक्यं गाळणारा हा गृहस्थ, हुंदके देऊन रडला. सेन्सेईंनी पुढचं नाव घेतलं. त्या त्याच महिन्यात निवृत्त झाल्या आणि मुलाकडे उत्तरेला निघून गेल्या.

एप्रिलपासून पिवळी बस यायला लागली. नवी शाळा चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. ग्रंथालय खरंच मोठं आहे. वर्गशिक्षक तरुण, हसतमुख, मुलांसोबत मैदानावर पळणारा. मी पहिल्याच आठवड्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, हजेरीचं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, लिहून घेतलं, आणि म्हणाला, की वर्गातली मुलं फार प्रेमळ आहेत, ती सांभाळून घेतील. मला हायसं वाटलं. घरी लेकीला विचारायचे, आज बोललीस का? ती म्हणायची, हं. पुढे विचारलं की उठून जायची. पूर्वीसारखं कोण काय म्हणालं, कोणी कोणाला ढकललं, ते आता ती सांगत नव्हती. मी गप्प बसायला शिकत होते. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, ओढून काढू नका.

जूनमध्ये पालकांनी वर्ग बघायला यायचा दिवस होता. मी लवकर गेले, सकाळच्या हजेरीपासून. पालकांनी वर्गात मागे, भिंतीशी उभं राहायचं असतं. मुलांच्या डोक्यांच्या त्या रांगांमध्ये मला तिची वेणी लगेच सापडली, खिडकीकडून दुसरी. हजेरी सुरू झाली. काय सुरेख चाललं होतं ते! नाव, उत्तर, नाव, उत्तर, एखादं नाक गळणारं, एखादं खोकणारं, सगळे हसायचे आणि पुढे. नव्या सेन्सेईला माझ्या लेकीच्या नावाचा उच्चार जमत नव्हता, जपानी धाटणीनं जीभ वळवून त्यानं ते घेतलं. ती उभी राहिली.

आणि तिच्या शेजारच्या मुलीनं, लगेच, गोड आवाजात सांगितलं, "हाय, गेन्की देस."

सेन्सेईनं मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. कोणाला काही वाटलं नाही, रोजचंच होतं ते. शेजारच्या मुलीनं माझ्या लेकीचा हात धरून तिला हळूच खाली बसवलं. लेक खिडकीबाहेर बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पार्किंग. माझ्या बाजूला उभी असलेली आई माझ्याकडे झुकली, ती त्या मुलीची आई असावी. हसून हलक्या आवाजात म्हणाली, की आमची तुमच्या मुलीला अगदी बहिणीसारखी जपते, हो ना?

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. पण वर्ग चालू होता, हजेरी पुढे गेली होती, आणि ती बाई माझ्याकडे बघून वाट पाहत होती. मी मान डोलावली.